नव्वदच्या जागी एकशेऐंशी

"मग वर्ग मला देणार की नाही, सर?"

गौतमी कांबळे परदेशात गणित शिकून, तिथली नोकरी सोडून गावी परतली होती. मुजावर सरांची नजर अधू झाली होती. पडवीतला त्यांचा संध्याकाळचा वर्ग आता दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवा होता. ती त्यासाठीच आली होती.

सरांनी खडू पुढे केला.

"एक कोन त्याच्या कोटिकोनाच्या दुपटीपेक्षा पंधरा अंशांनी मोठा. काढ."

फळा तोच होता, कोपऱ्यात टवका उडालेला. ओल्या फडक्याचा वासही तोच.

कोटिकोनांची बेरीज नव्वद. तिने मांडलं: x = 2(90 − x) + 15. पासष्ट आणि पंचवीस.

"तोंडीसुद्धा आलं असतं."

"आलं असतं." सरांनी चाचपडत नव्वद पुसलं, तिथे एकशेऐंशी लिहिलं. "माझं एकशेपंचवीस आणि पंचावन्न येतं. ताळाही जमतो. पंचावन्नची दुप्पट एकशेदहा, वर पंधरा." ते भिंतीशी सतरंजीवर बसले.

"पण बेरीज नव्वद हवी, सर. व्याख्याच आहे तशी."

"नाही समजलं."

तिने काटकोन काढला, मधून एक तिरकी रेघ ओढली. "हे दोन्ही मिळून एवढंच."

"नाही समजलं."

"चेष्टा करताय सर. तिकडे विद्यापीठात शिकवलंय मी."

"त्यांना समजायचं?"

"लगेच."

"मग तुझी काय गरज होती गं त्यांना?"

गौतमीने फळ्याकडे पाहिलं.

आठवीत असताना हीच चूक तिने याच फळ्यावर केली होती. पोरं हसली होती. सरांनी पुसलं नव्हतं. तिच्याजवळ खाली मांडी घालून बसले होते, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत ऐकत राहिले होते.

तिने खडू ठेवला. सतरंजीवर सरांच्या शेजारी बसली.

"सर, तुम्हाला एकशेऐंशी का वाटलं?"

"सरळ रेघेवर तिरकी रेघ टेकवली, की दोन कोन होतात. त्यांची बेरीज एकशेऐंशीच येते. कालच शिकलो."

"ते बरोबर आहे," ती म्हणाली. "पुढे सांगा."



बाहेर पोरांच्या चपला वाजल्या. सर भिंतीला धरून उठले, आणि सगळ्यात मागे, पोरांच्या जागेवर जाऊन बसले.

"तू सुरू कर. मला अजून समजलेलं नाही."