विरक्ताचे बाळसे

त्या राज्यात शब्दांनाही पोट होते आणि ते माणसांच्या तोंडून भरत असे. ज्याचा उच्चार जास्त, तो धष्टपुष्ट. ज्याला कोणी विचारत नाही, तो वाळत वाळत एके दिवशी नाहीसा होई. 'पैसा' आणि 'मी' हे दोघे तर दारातून आडवे होऊन जात.

'विरक्त' हा शब्द टेकडीवरच्या मठात राहत असे. त्याचा जन्म तिथलाच, आणि त्याचा अर्थही त्याच ओसरीवर वाढलेला. पण मठातली माणसे पहाटे उठत, विहिरीचे पाणी ओढत, भिक्षेची भाकर वाटून खात आणि गप्प बसत. आपण विरक्त आहोत असे म्हणावे, हे त्यांच्या कधी डोक्यातच आले नाही. त्यामुळे बिचाऱ्या शब्दाची उपासमार होई. पुढे पुढे त्याच्या अक्षरांतून पलीकडची भिंत दिसू लागली. विरक्ताने पोटाची चिंता करू नये, असे तो स्वतःला बजावी. बजावून झाले की पोटात कावळे ओरडत. शेवटी मरणाच्या भीतीने, नुसते बघून येतो म्हणत, अर्थाला ओसरीवर निजलेला सोडून तो बाजारात उतरला.

बाजाराने त्याला डोक्यावर घेतले. पद गेलेला प्रधान चारचौघांत म्हणाला, "आम्ही आता विरक्त झालो हो!" कापडवाल्याने रेशमी कफन्या मांडल्या. "या, या, अस्सल विरक्त माल! धुतला तरी रंग जायचा नाही!" पंगतीत पाचवा लाडू नाकारणाराही स्वतःला विरक्त म्हणवू लागला. गोष्टी लिहिणाऱ्यांनी तर कहर केला. परिच्छेद रिकामा वाटला, की घाल विरक्त. ही गोष्ट लिहिणाराही त्यातलाच. शब्दाने चांगले बाळसे धरले. तो आरशासमोरून हलेना, आणि आपल्याला आरशाचे काहीच वाटत नाही, हे आरशालाच सांगत बसे.

एकदा भाजी निवडणाऱ्या एका म्हातारीने सहज विचारले, "बाबा रे, सगळे तुझं नाव घेतात. तू म्हणजे नेमकं काय?"

त्याने तोंड उघडले. आतून काहीच येईना. एवढे खाऊनही आपण आत पोकळच आहोत, हे कळून तो मनापासून घाबरला आणि धापा टाकत टेकडी चढला.

मठातले सर्वांत जुने धोंडीबुवा अंगणात सडा टाकत होते.

"कोण पाहिजे?"

"मी विरक्त. माझा अर्थ आत राहिलाय."

बुवांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "ह्या नावाचं इथं कुणी राहत नाही, बाबा," ते मायेने म्हणाले. "खाली बाजारात विचार."

तो पायरीवर बसून ढसाढसा रडला. तेवढ्यात त्याच्या मागोमाग अख्खा बाजार वर आला. आपला लाडका शब्द मठाच्या दारात पाहून लोकांना गहिवरून आले. त्यांनी त्याला उचलले, सोनेरी रंग दिला आणि दाराच्या कमानीवर ठोकला.

"अहो, मला आत जायचंय!" तो ओरडला.

"आत कशाला?" प्रधान खिळा ठोकत म्हणाला. "सगळ्यांत वरची जागा दिलीय की!"

तेव्हापासून तो तिथेच आहे, रस्त्याकडे तोंड करून. येणारा-जाणारा त्याला मोठ्याने वाचतो आणि तो आणखी फुगतो. पाठीमागे ओसरीवर कोणीतरी जागे होऊन आळस देते, धोंडीबुवा त्याच्यापुढे भाकर ठेवतात. ते कोण, हे पाहायला तो मान वळवू जातो, आणि खिळे करकरतात.