तीन वाड्यांची नाव

एकदा काय झालं, एका रुंद नदीकाठी तीन वाड्या होत्या. वरची, मधली आणि खालची. तिघींत मिळून नाव एकच. वरच्या वाडीनं सागाची फळी दिलेली, मधलीनं फणसाची, खालचीनं आंब्याची. नाव चालवायची भिवरा नावाडीण, वरच्या वाडीतली.

मग काय, भांडण पेटलं! नाव बांधायची कुणाच्या घाटाला? "आमच्याच!" तिन्ही वाड्या ओरडल्या. भिवराचा आवाज सगळ्यांत मोठा, बरं का! शेवटी चिडून ज्यानं त्यानं आपली फळी उपटून नेली. भिवरानं सागाचं दार केलं. मधल्या वाडीच्या मानकऱ्यानं फणसाची खाट केली. खालच्या वाडीच्या खोतीणबाईंनी आंब्याचा झोपाळा टांगला.

आणि आठवडा नाही झाला तोच पलीकडून हाक आली, "भिवराबाई, तुमची सगुणा अडलीये! पहिलटकरीण पोर, सारखी आई आई करतीये!" भिवरा तशीच फळ्या मागायला निघाली.

मग ती मधल्या वाडीत धावली. मानकरी म्हणाला, "भिवरे, आधी खालच्यांना विचार." मग ती खालच्या वाडीत धावली. खोतीणबाई म्हणाल्या, "आधी वरच्यांनी द्यावी." मग ती घरी आली नि स्वतःचंच दार उचकटायला लागली. तर तिचीच माणसं आडवी! "वाडीचं नाक कापतेस? तू कुणाची गं?"

"सगुणाची आई," भिवरा म्हणाली. "सरका बाजूला!"

दार डोक्यावर घेऊन ती तडक नदीत शिरली. पाणी गळ्याशी आलं तरी मागे फिरेना. आणि काय नवल! त्या सागानं अशी हाक मारली म्हणता! मधल्या वाडीतली खाट चार पायांवर पळत सुटली, वर घोरणाऱ्या मानकऱ्यासकट! झोपाळा कड्या तोडून उडाला, खोतीणबाईंना घेऊन! तिन्ही फळ्या धाडकन जुळल्या आणि झाली की नाव.

"माझ्या वाडीकडे वळव!" मानकरी ओरडला.

भिवरानं खाटेचे पाय उपटले, दोघांच्या हातात दिले. "वल्हवा मुकाट्यानं! पोर जाईल माझी!"

वल्हवलं हो दोघांनी, घाम फुटेस्तोवर. पलीकडे पोचले, भिवरानं सगुणाचा हात धरला आणि घटकाभरात बाळ रडलं. गोरंगोमटं, टपोरं बाळ!

मानकरी हळूच म्हणाला, "आता नाव बांधायची कुठल्या घाटाला?"

"ज्याचं माणूस अडलंय, त्याच्या," भिवरा म्हणाली. खोतीणबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या.

मग तिन्ही वाड्या सुखानं नांदल्या. चला, मिटा डोळे. आणि पांघरूण ओढू नकोस रे, तिकडच्या टोकाला ताई उघडी पडलीये. झोपा आता.