कुरणवाडीचा पूरसराव

नदीला अगदी खेटून वसलेल्या कुरणवाडीत एक भोळा होमगार्ड राहत होता. बाळकू मगदूम त्याचं नाव. भोळा म्हणजे कामचुकार नव्हे हं. उलट, सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा. सगळा घोटाळा तिथेच व्हायचा.

मागच्या पुरात कुरणवाडीचे फार हाल झाले होते. गावात बोट नव्हती. बाळकूची आई शेळीला कवटाळून दिवसभर कौलांवर बसून होती. तेव्हापासून गावाला एकच ध्यास, आपली एक बोट हवी. यंदा योग आला. सैन्य, पोलीस, अग्निशमन आणि आरोग्य अशी चार खाती मिळून पुराचा सराव आखणार होती, आणि तोही कुरणवाडीच्या शाळेत. सराव नीट पार पडला तर शेवटच्या दिवशी मोठे साहेब स्वतः रबरी बोट घेऊन येणार आणि ती गावातच ठेवून जाणार, असं ठरलं होतं.

तहसीलदार मुलाणी मॅडमनी बाळकूला आधीच बाजूला घेतलं.

"बाळकू, बोट हाती येईपर्यंत घोळ घालायचा नाही."

"न्हाई घालत, मॅडम."

"सांगितलेलं ऐकायचं."

"जल्मभर त्येच करतोय," बाळकू म्हणाला. यात खोटं काही नव्हतं.

पहिल्या दिवशी कर्नल राजाध्यक्षांनी शाळेच्या मोठ्या खोलीत, जमिनीवर वाळूचं गाव मांडलं. सैन्यात आखणी करायची म्हणजे आधी असं वाळूचं गाव करतात. विटांची टेकडी, काडेपेट्यांची घरं, निळीची नदी. नीळ पसरली की पूर आला. साहेबलोकांची अख्खी सकाळ त्यात गेली. जेवायला उठताना कर्नल म्हणाले, "बाळकू, हे गाव आता तुझ्या ताब्यात. नीट सांभाळ."

बाळकू काठी घेऊन उभा राहिला. बघतो तर काय, त्याच्या आईची काडेपेटी अगदी नदीच्या तोंडाशी! त्याने ती अलगद उचलली आणि टेकडीवर नेऊन ठेवली. मग शेजारच्या सोनाक्काची काडेपेटी दिसली. सोनाक्काशी त्याचं कोंबड्यांवरून भांडण होतं. पण भांडण वेगळं आणि पूर वेगळा. तिलाही नेलं. मग दूध डेअरी नेली, शाळा नेली, पोलीस चौकी नेली.

जेवून आल्यावर कर्नलनी नीळ पसरली. "पूर आला. किती घरं पाण्यात?"

सगळे वाकून बघायला लागले. एकही नव्हतं.

"मग आपण जमलोय कशाला?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"सांभाळलं, साहेब," बाळकू म्हणाला. "म्हाताऱ्या माणसांस्नी आधी नेलं."

कर्नलनी कपाळावर हात मारला. "अरे, इथलं काहीही जागचं हलवायचं नाही! जे जिथे आहे ते तिथेच राहिलं पाहिजे. कुणालाही हात लावू द्यायचा नाही."

"बरं साहेब. आता समजलं."

दुसऱ्या दिवशी दोराने छतावर कसं चढायचं ते इन्स्पेक्टर दाखवत होते. पाय सटकला आणि ते धाडकन खाली चिखलात पडले. घोटा मुरगळला. बाळकू धावत आला आणि काठी आडवी धरून त्यांच्यापुढे उभा राहिला.

"अरे, उठव मला!"

"न्हाई साहेब. जे जिथं हाय ते तिथंच."

डॉक्टर नेर्लेकर धावत आले. बाळकूने त्यांनाही हात लावू दिला नाही. शेवटी कर्नलना बोलावून आणलं, तेव्हा कुठे इन्स्पेक्टर चिखलातून निघाले. तोवर त्यांना बेडकांनी आपलं मानलं होतं.

डॉक्टर भडकले. "माणूस आडवा दिसला की विचार करत बसायचं नाही. उचलायचा, स्ट्रेचरवर बांधायचा आणि थेट आरोग्य केंद्रात! तो नको नको म्हणाला तरी ऐकायचं नाही. घाबरलेला माणूस काहीही बोलतो."

"बरं डॉक्टर. आता समजलं."

त्याच दुपारी अग्निशमनचे शिंत्रे साहेब पिठलं-भाकरी चापून लिंबाखाली जरा लवंडले होते. जाग आली तेव्हा ते हवेत होते. चार होमगार्ड त्यांना घेऊन पळत होते आणि बाळकू पुढे वाट मोकळी करत होता.

"सोडा! मी झोपलो होतो!"

"घाबरू नगा, साहेब. घाबरलं की माणूस कायबी बोलतंय."

आरोग्य केंद्रातली नर्सही तशी आज्ञाधारकच. स्ट्रेचरवरून आलेल्या प्रत्येकाला धनुर्वाताचं इंजेक्शन, असा तिला हुकूम होता. शिंत्रे साहेबांनी फार विरोध केला. म्हणून मग तिने सुई जरा जोरात टोचली.

आता समजूत काढायची पाळी मॅडमची. "बाळकू, हा संयुक्त सराव आहे. संयुक्त म्हणजे चौघांनी मिळून. चारही साहेब हो म्हणाल्याशिवाय तू काहीही करायचं नाहीस. काहीही!"

"बरं मॅडम. आता समजलं."

तिसऱ्या दिवशी मटणाचा बेत होता. आचारी पाणी आणायला निघाला, तेवढ्यात एक कुत्रं मागच्या दाराने शिरून पातेल्याकडे निघालं.

"बाळकू, हाकल त्याला!" आचारी लांबूनच ओरडला.

"इचारून आलो," बाळकू म्हणाला.

इन्स्पेक्टर पाय स्टुलावर ठेवून बसले होते. म्हणाले, "हाकल की." शिंत्रे साहेबांना बसता येत नव्हतं, ते उभ्या उभ्याच म्हणाले, "हाकल, आणि माझ्यापासून लांब राहा." डॉक्टरांनी कुत्रं कुणाला चावलंय का ते विचारून घेतलं आणि मग हो म्हटलं. कर्नल फोनवर बोलत होते. बाळकू शिस्तीत त्यांच्यासमोर उभा राहिला. फोन संपला, कर्नलही हो म्हणाले. चौघांची परवानगी घेऊन बाळकू परतला, तोवर कुत्रं तृप्त होऊन निघून गेलं होतं.

त्या दिवशी साहेबलोकांनी लोणच्याशी भात खाल्ला. कर्नलचा संयम सुटला.

"अनोळखी कुणी आत घुसताना दिसलं की कुणालाही विचारायचं नाही! काठी आपटायची आणि हाकलायचं. गोंडा घोळत आलं तरी भुलायचं नाही. पुन्हा आलं, पुन्हा हाकलायचं. गावाबाहेर नेऊन सोडायचं!"

"बरं साहेब. आता समजलं."

शेवटचा दिवस उजाडला. मॅडमनी शहाणपणा केला. बाळकूला शाळेपासून लांब, पार वेशीवर पहाऱ्याला पाठवलं. आणि काय सांगू, सराव असा झाला की बघत राहावं. भोंगा वाजला, माणसं भराभर टेकडीवर पोचली, आजारी माणसं केंद्रात गेली, चारही खाती एकमेकांशी गोड बोलली. कर्नलनी सगळ्यांदेखत मॅडमना शाबासकी दिली. बोट मिळणार यात आता शंकाच उरली नव्हती.

गाव शाळेच्या पटांगणात जमलं. तोरण बांधलं, हलगीवाले आले. बोटीच्या पूजेचा नारळ घेऊन बाळकूची आई सगळ्यांच्या पुढे उभी होती. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं.

मोठ्या साहेबांचा पत्ता नव्हता. दुपार कलली. हलगीवाले वाजवून दमले. कर्नल सारखे घड्याळ बघत होते. शेवटी वेशीकडून एकच माणूस येताना दिसला. बाळकू. हातात पुडा, चालीत ऐट.

मॅडम लगबगीने पुढे आल्या. "बाळकू, वेशीवर कुणी आलं होतं?"

"आलं हुतं की! एक अनोळखी साहेब. साधाच शर्ट, मागं लॉरी. मी काठी आपटली, हाकलला. पण लई चिवट. पुन्यांदा आला. ग्वाड बोलाय लागला. म्हणं, तुमच्या गावासाठी रबरी बोट आणलीया."

"मग?" कर्नलनी कसंबसं विचारलं.

"मग काय, मी भुलतोय व्हय? लॉरीत चढून बसलो आन् त्यास्नी पार गावाबाहेर, पुलापलीकडं आंबेडोहला नेऊन सोडलं. त्या गावाला काय आनंद झाला, साहेब! मिरवणूक काढली बोटीची."

बाळकूने पुडा सोडला आणि सगळ्यांत आधी आईपुढे धरला.

"घे आये. पेढं दिल्यात त्यांनी."