मोगरीचा मान

गिरणाकाठच्या सावखेडी गावी सुपडू महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही हकिकत. नदीकडेला एक कुडाची झोपडी आणि अंगावर एक घोंगडी, एवढाच महाराजांचा संसार. पण गावचं कुठलंही दुखणं शेवटी त्याच दारात येऊन बसायचं.

कार्तिकात गावात बालाजीचा रथ निघे. चाकं पुरुषभर उंच, आणि आवरायला लगाम कुठला! चाकाखाली लाकडाची मोगरी सारायची, तेव्हा रथ थांबायचा. मोगरीवाले आठ जण, आणि त्यांची नजर म्होरक्याच्या हातावर. त्याचा हात पडला की मोगरी पडायची. हा म्होरक्या म्हणजे उखा सुतार. रथ हलण्याआधी म्होरक्याने चाकाला हात लावून ‘माझ्या हातात खोट नाही’ असं देवाला सांगायचं, अशी रीत होती.

त्या वर्षी उखाला ते सांगवेना. गेल्या खेपेला कुंभारउतारावर रथ घसरला आणि मोगरीवाल्या दोधूचा पाय चाकाखाली चेंगरला. दोधूनेच मोगरी उशिरा टाकली, असं गावाने ठरवून टाकलं. बिचारा लंगडा झाला, वर त्याच्या हातची मोगरीही गेली. खरं तर उखाचाच हात उशिरा पडला होता. हे आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, या समजुतीत उखाने वर्षभर तोंडातून ब्र काढला नव्हता.

रथाच्या दिवशी सकाळीच तो महाराजांच्या पायाशी येऊन ढसाढसा रडला. “महाराज, मनी चूक व्हती!”

महाराजांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “बाळा, मला सांगून तुझं मन हलकं होईल, दोधूचं कसं होईल? जा, चारचौघांत सांग त्याला. पुढचं मी पाहतो.”

रथापुढे सारा गाव जमला होता. उखाने चाकाला हात लावला आणि तो दोधूकडे वळला. “दोधू, मी तुना गुन्हेगार शे. मना हात उशिरा पडना. तू चुकना नही!”

रथाचे मानकरी गंभीरराव देशमुख खो खो हसले. देवानंतर आपणच, आणि सवड मिळाली तर देवाच्याही आधी, असा त्यांचा बाणा! “वा रे म्होरक्या! स्वतःची अब्रू वेशीवर टांगणाऱ्याचं ऐकणार कोण? त्या घोंगडीवाल्याने शिकवलं वाटतं! हो बाजूला. आज हात मी दाखवतो.”

उखा मान खाली घालून बाजूला झाला.  दोधूने थोडं सरकून उखाला आपल्या शेजारी जागा करून दिली.

रथ कुंभारउताराला लागला. देशमुख लोकांचे नमस्कार घेण्यात गुंग. हात पडायला हवा होता, तेव्हा तो मिशीवर होता. रथ सुटला! देशमुख दचकून वळले, ते दोराला अडखळून चाकापुढेच पडले. मोगरीवाले त्यांच्या हाताची वाट पाहत थिजून उभे.

“दोधू, डावं चाक तुनं!” उखा ओरडला. दोघांनी मोगऱ्या हिसकावून घेतल्या. दुखऱ्या पायाने दोधू डावीकडे झेपावला, उखा उजवीकडे. कडाड्! दोन्ही मोगऱ्या फुटल्या. आणि तरीही रथ थांबला, देशमुखांच्या छातीपासून वीतभर अंतरावर! भर उतारावर, कशाचाही आधार नसताना!

देशमुखांना ओढून काढलं, नव्या मोगऱ्या सारल्या. तोच महाराजांना भाकरी नेऊन देणारी शेवंताबाई धावत आली. “अहो, चला लवकर! महाराज बसल्या जागी एकदम कण्हले!”

सगळे झोपडीकडे धावले. महाराजांच्या पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, चाकाच्या लोखंडी धावेचा लालभडक वळ उमटला होता. धन्य ती माउली! आणि महाराज विचारत होते, “दोधूच्या पायाला पुन्हा लागलं नाही ना रे?”

उखाला हुंदका आवरेना. देशमुख त्या वळाकडे पाहत पुढे आले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “महाराज, गेल्या वर्षी उतारावर उखाचा हात मीच अडवला होता. लोकांदेखत त्याच्या हाताला मानाचा शेला बांधायची मलाच हौस! मला सगळं माहीत होतं. आज त्याने माझं नावसुद्धा घेतलं नाही, आणि मी त्यालाच हसलो.”

महाराजांनी दारात उभ्या असलेल्या दोधूकडे नुसतं पाहिलं. देशमुखांनी पगडी काढली, आणि खाली वाकून दोधूच्या त्या वाकड्या पायावर कपाळ टेकवलं.

“अहो मालक, हाई काय!” म्हणत दोधू संकोचाने मागे सरू लागला, पण देशमुखांनी त्याचा पाय सोडला नाही.