राजाच्या जिभेवरची कविता

एका राज्यात राजा होता, राणी होती, हत्तीघोडे होते; कविता मात्र साऱ्या एकट्या राजाच्याच होत्या. राजाचे नाव अजेय. त्याला जन्मात कधी एक ओळ जुळवता आली नाही, पण कवी म्हणवून घेण्याची हौस दांडगी. म्हणून त्याने कालजिव्ह नावाचा मांत्रिक आणवला. मांत्रिकाने आपल्या मनगटाला काळा दोरा बांधला, त्याला तीन गाठी मारल्या आणि गुपचूप साऱ्या राज्यावर शाप टाकला. कोणी कविता रचली आणि शेवटी आपल्या नावाची मुद्रा घातली, की ती कविता त्याच्या जिभेवरून उडे आणि राजाच्या जिभेवर जाऊन बसे. कवीच्या नावाच्या जागी राजाचे नाव येई. रचणाऱ्याला मग तिचा एक शब्दही उच्चारता येत नसे. कवी बिचारे समजत, आपल्यालाच विसर पडला. लाजेने गप्प बसत.

त्या राज्यात नदीकाठी रेवंती नावाची कवयित्री राहत होती. तिची लहानगी लेक तापाने गेली. पुष्कळ दिवस रेवंती बोलली नाही. शब्द जवळ येत, ती त्यांना हाकलून देई. शेवटी एका सकाळी तिच्या तोंडून ओवी बाहेर पडली:

हातात राहिली । पाळण्याची दोरी ।
कुठे गं तू पोरी । लपलीस ॥
रेवंती म्हणते । दार ना लाविते ।
वाट मी पाहते । सांजवेळी ॥

छातीवरचा धोंडा जरा हलला. तिने ओवी पुन्हा म्हणू पाहिली. जीभ दगडासारखी झाली.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यात दरबार भरला होता. राजाची लाडकी घोडी मेली होती, आणि शोक ऐकायला प्रजेला बोलावणे होते. रेवंतीही गेली. राजाने रुमाल डोळ्यांना लावला आणि म्हणाला, "हातात राहिली पाळण्याची दोरी…"

शेवटी आले, "अजेय म्हणतो, दार ना लावितो."

"वाहवा!" राजपंडित म्हणाले. "दोरी म्हणजे लगाम, पोरी म्हणजे घोडी! काय रूपक, महाराज!"

रेवंतीच्या अंगाची आग झाली. ती गर्दी सारून पुढे गेली. "रूपक नाही पंडितजी, तो पाळणा आहे! माझ्या घरात टांगलेला! महाराज, धान्यातला वाटा आपण घेता, घ्या. पण माझी लेक मेली त्यातही आपला वाटा?"

कालजिव्ह हसला. "ओवी तुझी, तर म्हणून दाखव."

तिने तोंड उघडले. शब्द फुटेना. सारा दरबार खदखदा हसला आणि शिपायांनी तिला दाराबाहेर लोटले.

दाराशी उंबराच्या झाडावर एक धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "बाई, हा शाप आहे. मांत्रिकाच्या दोऱ्याला तीन गाठी आहेत. हिणवणाऱ्या रानातून ओवी न तोडता पार हो, पहिली सुटेल. नावांच्या खजिन्यावरच्या नागाला खोटे न बोलता परत ये, दुसरी सुटेल. तिसरी राजाच्या तोंडूनच सुटेल. त्याने आपल्या मुखाने स्वतःविषयीचे खरे सांगितले पाहिजे."

"आणि मी चुकले तर?"

"रानात थांबलीस तर झाड होशील. तुझ्याआधी तिथे शिरलेले कवी झाले तसे."

रेवंती निघाली. रानात शिरताच तिने नवी ओवी धरली, आणि झाडे बोलू लागली. "कोण वाचणार हे?" "घरी भाकरी कोण थापणार?" "असले शंभर जणांनी लिहिले!" ती दात ओठ खात चालत राहिली. मग एक जुना साग हळूच म्हणाला, "ही ओळ कच्ची आहे, बाई." रेवंतीचा पाय अडखळला. साग खरे बोलत होता. तिने चालता चालताच ओळ मोडली, शब्द फिरवून नीट बसवली आणि ओरडली, "आभार, आजोबा!" रान संपले. तिकडे मांत्रिकाच्या मनगटावरची पहिली गाठ सुटली.

पुढे गुहेत चोरलेल्या नावांचा ढीग सोन्यासारखा चमकत होता, आणि त्यावर नाग वेटोळे घालून बसला होता. नाग म्हणाला, "एकच वाक्य म्हण. ते दुःख राजाचे होते. मग राजकवी होशील, पालखीत बसशील."

"त्या रात्री तिचे अंग तव्यासारखे तापले होते," रेवंती म्हणाली. "राजा होता का तिथे पाण्याच्या पट्ट्या ठेवायला? नाही म्हणणार मी!"

नागाने मान खाली घातली. दुसरी गाठ सुटली.

रेवंती भर दरबारात येऊन उभी राहिली. "महाराज, आपल्यासाठी कविता आणली आहे."

राजाला नव्या कवितेची हाव सुटलेलीच होती. "म्हण," तो म्हणाला.

आईच्या शोकाची । केली मी हो चोरी ।
घोडीची ती दोरी । म्हणविली ॥

"तोंड धरा तिचे!" कालजिव्ह किंचाळला. शिपाई धावले. पण रेवंती थांबली नाही.

रेवंती म्हणते । ओळ ना सुचली ।
म्हणून लुटली । परक्यांची ॥

तिचे नाव उच्चारले गेले मात्र, कविता उडाली आणि राजाच्या जिभेवर बसली. राजाने दोन्ही हातांनी तोंड दाबले. व्यर्थ! तो सिंहासनावरून उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आईच्या शोकाची, केली मी हो चोरी…" शेवटपर्यंत म्हणाला. "अजेय म्हणतो, ओळ ना सुचली, म्हणून लुटली परक्यांची."

राजाच्या नावाची मुद्रा पहिल्यांदाच खरी होती. तिसरी गाठ तुटली. काळा दोरा जळून गेला, आणि त्याबरोबर कालजिव्हाची मंत्र म्हणणारी जीभ कायमची मुकी झाली. रानातल्या झाडांची माणसे झाली. गावोगावी कवींच्या जिभा सैल झाल्या, आणि लोकांना कळले की अंगाई कोणाची, पोवाडा कोणाचा. राजपंडितांनी कोणाकडे पाहावे ते त्यांना कळेना.

राजा खाली उतरला. "बाई, मला शिक्षा सांग."

"आता ऐकत जा," रेवंती म्हणाली. "ज्याचे असेल त्याचे नाव घेऊन."

राजाने ते पाळले.

रेवंती घरी आली, पाळण्याजवळ बसली आणि लेकीची ओवी पोटभर म्हणाली, पोटभर रडली. मग काही दिवसांनी तिने नवी कविता धरली. दुसरी ओळ जमेना. तिने ती शिव्या देत खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. अशी दुपार गेली. आणि अचानक, चुलीवर दूध उतू जात असताना, ओळ आली. रेवंती दूध तसेच टाकून एकटीच मोठ्याने हसली.

जसे तिचे तिला मिळाले, तसे ज्याचे त्याला मिळो.