सांगावा

पूर्वी वेणुवती नगरात महासेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. त्याचे नाव भद्रक. नदीच्या पैलतीरी शिलापूर होते आणि तेथे एकबल राजाची सत्ता होती. दोन्ही राज्ये बलाढ्य. एकाने बुरूज चढवला की दुसरा आपला त्याहून उंच करी. एकाच्या गजशाळेत हत्ती वाढले की दुसऱ्याची माणसे हत्ती धरायला रानात शिरत. आसपासच्या लहान राजांनीही, कुणी भीतीने तर कुणी लोभाने, या किंवा त्या बाजूची शपथ घेऊन ठेवली होती.

तरीही युद्ध होत नव्हते, ते एका जुन्या रीतीमुळे. शरद ऋतूत हत्ती धुवायला न्यायचे असोत की राजाला शिकारीला जायचे असो, तीरावर सैन्य हलायच्या आधी एक दूत आंब्याची डहाळी घेऊन पलीकडे जाई आणि सांगे, "आमचे हत्ती येताहेत. धुऊन परत जातील." याला सांगावा म्हणत. सांगावा आला की पलीकडचे पहारेकरी भाले खाली ठेवून काठावर बसत आणि हत्तींची गंमत पाहत.

एका वर्षी शिलापूरच्या भाटाने राजाला खूश करायला नवे कवन रचले. हत्तीला पाणी दाखवायचे तरी महासेन आमच्या राजाला विनंती करतो, असा त्याचा अर्थ. दरबारात हशा पिकला. तो हशा नदी ओलांडून वेणुवतीत आला.

"सांगाव्याला ते विनंती म्हणतात!" महासेन म्हणाला. "यंदा दूत जायचा नाही."

"महाराज, भाटाला पोट आहे, तो गाणारच," भद्रक म्हणाला. "त्याच्या गाण्यापायी आपण आपली रीत का मोडावी?"

"आपले हत्ती, आपला काठ. कुणाला काय सांगायचं?"

"न सांगता एवढे हत्ती उतरले तर ते धुवायला आलेत की लढायला, हे पलीकडच्यांना कसं कळावं?"

"न कळलं तर बरंच. जरा घाबरू दे त्यांना."

सेनापती हसला. "अमात्यांचा मुलगा सुनेत्र गजदळात आहे ना! म्हणून जीव खालीवर होतोय."

"होतोय," भद्रक म्हणाला. "तिथे आणखी पुष्कळांची मुलं आहेत, सेनापती. त्यांचे बाप या दरबारात नाहीत, म्हणून मी बोलतो."

राजाने मान फिरवली. भद्रकाने अमात्यपदाची मुद्रा बोटातून काढली, सिंहासनाच्या पायरीवर ठेवली आणि तो बाहेर पडला. वाटेत त्याने आंब्याची एक डहाळी तोडली आणि नावाड्याला हाक मारली.

पैलतीरावर भालाइतांची दाटी होती. पलीकडे हत्तींची हालचाल दिसली आणि सांगावा आला नाही, तेव्हा यांनी आपल्या परीने अर्थ लावला होता. भालाइतांतही सुनेत्राच्याच वयाची पोरे होती. उन्हात ओठ सुकलेली, एकमेकांना धीर देण्यासाठी उगाच थट्टा करणारी.

एकबल छावणीतच होता. भद्रकाने सांगावा सांगितला.

"हा सांगावा की विनंती?" एकबलाने विचारले.

"विनंती म्हणा. हे हात जोडले, महाराज. आपले लोक काठावरून मागे घ्या."

"तुझी विनंती घेऊन मी काय करू? महासेनाची आहे का?"

हो म्हणावे, असे भद्रकाला क्षणभर वाटले. पण त्याने ओळखले, की आपण हो म्हटले तर त्याचे कवन होईल, महासेन ते खोटे पाडील, आणि मग खरा सांगावाही या काठावर कुणी मानणार नाही.

"नाही," तो म्हणाला. "मीच आलोय."

एकबलाचा सेनापती पुढे झाला. "राजाने पाठवलं नाही आणि अमात्य डहाळी घेऊन येतो! महाराज, आपल्याला गाफील ठेवायला आलाय हा."

तेवढ्यात पलीकडे धूळ उठली. हत्ती काठाला लागले. पहिल्या हत्तीवर सुनेत्र होता. भद्रकाने ओरडून हात हलवले. शिलापूरच्यांना वाटले, तो इशारा करतोय. पहिला बाण कुणी सोडला हे पुढे कधीच ठरले नाही. सुनेत्र पाण्यात पडला, आणि बिथरलेल्या हत्तींनी दोन्ही बाजूंची माणसे तुडवली.

मग शपथा जाग्या झाल्या. ज्यांनी ती नदी कधी पाहिली नव्हती, अशा राज्यांतली गावेही जळाली. दोन्ही राजांनी दगडांवर कोरून ठेवले, की युद्ध आमच्यावर लादले गेले. फितूर ठरवून महासेनाने भद्रकाला हद्दपार केले.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, दोन स्थविर भिक्षूंना सांगितली. आधी वंदन कुणी करायचे यावरून त्यांचे बोलणे थांबले होते आणि त्यांचे शिष्य भिक्षेच्या वाटेवर एकमेकांना अडवू लागले होते. शास्ता म्हणाला, "त्या वेळचा महासेन तू होतास, एकबल तू. भाट म्हणजे तुमच्यात चहाड्या नेणारा तो भिक्षू. अमात्य भद्रक मीच."

एका भिक्षूने विचारले, "भंते, आणि नदीत मेले ते?"

"ते कोण होते, हे तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं," शास्ता म्हणाला. "त्या जन्मी मी सत्य पारमिता पाळली. तिने मला खोट्यापासून वाचवलं. त्यांना वाचवलं नाही."

स्थविर खाली मान घालून बसले होते. वंदनाला आधी कुणीच उठले नाही.