पाळीवरची फेरी

सन २०१८. आश्विन लागून तीन दिवस झाले होते. तलाव काठोकाठ भरलेला. त्याच्या मातीच्या पाळीखाली गावाचं धान गर्भात आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात.

"पण शत्रू नसताना त्या का चालतात, बाबाजी?"

विचारणारा डॉक्टर हेमराज लांजेवार. नागपुरात आतड्यांच्या रोगांवर संशोधन करणारा. ऐकणारा लटारू कापगते. चाळीस वर्षं या तलावाची पाळ राखणारा, दोन यत्ता शिकलेला.

"कोन चालते?"

"पेशी. आतड्याला आतून अस्तर असतं. एकीला एक चिकटलेल्या पेशींची भिंत म्हणा. एका अंगाला अन्न आणि जंतू, दुसऱ्या अंगाला आपण. त्या भिंतीच्या आतच राखणदार पेशी असतात. दोन पेशींमधल्या फटीतून सरकत राहतात. भिंत फुटू देत नाहीत, आणि थांबतही नाहीत."

"डोळे हायेत त्याईले?"

"नाही. चाचपत जातात."

"मंग ठीक हाये. मी बी पायानंच चाचपतो," म्हातारा म्हणाला.

डॉक्टर थोडा ताठ झाला.

"त्याच चिडून आतड्यात आग लावतात, म्हणून मी त्यांना थांबवलं. तसं औषध शोधलं. उंदरांच्या आतड्यातली आग शांत झाली. सोमवारी चाळीस रोग्यांना सुरू करतोय. एवढंच कळत नाही, की त्या चालत का होत्या."

"मले काहून पुसतेस?"

"तुम्हीच म्हणाला होतात, तुझं एक देणं लागतो."

ते खरं होतं. तीन वर्षांपूर्वी हगवणीने लटारू मरायला टेकला होता. घरच्यांनी आशा सोडली होती. या डॉक्टरने सोडली नव्हती.

म्हातारा दुपारच्या फेरीला निघाला होता. त्याने काठी खाली ठेवली आणि मोहाच्या झाडाखाली बसला.

"फेरी नाही?"

"शत्रू कोठी हाये?"

...

ऊन सरकलं. म्हाताऱ्याने तंबाखू मळली. डॉक्टरने घड्याळ पाहिलं. मग पाळीकडे पाहिलं.

"तास झाला, बाबाजी."

"पाह्य, कसं शांत हाये."

"खाली धान आहे."

"हाये."

"कुठे खेकड्याने पोखरलं असेल तर?"

"असन."

"मग बघणार कोण?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले.

...

डॉक्टर उठला. पाळीवर चढला.

"जोडे काढ," मागून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

तो अनवाणी निघाला. खडे टोचले. गवत सगळीकडे सारखं हिरवं, सारखं उंच. चारशे पावलांवर त्याच्या टाचेखाली माती दबली. गार लागली. तो पालथा होऊन पाळीच्या बाहेरच्या अंगाला वाकला. गवताखालून करंगळीएवढी धार चालली होती. गढूळ.

त्याने हाक मारली. म्हातारा आला, फावडं घेऊनच आला. दोघांनी भोक उकरलं, चिकणमाती आणि धानाची तणस कोंबली, पायाने चोपली. धार बारीक झाली. मग थांबली.

"डाक्टरचे तळवे लेकराचेच हायेत," म्हातारा म्हणाला. डॉक्टरच्या टाचेतून रक्त येत होतं.

"वरून काहीच दिसत नव्हतं."

"हं."

डॉक्टर चिखलातच उभा राहिला. मग त्याने फोन लावला.

"सोमवारचं थांबवा... हो, चाळीसही जणांचं. उंदरांची आतडी पुन्हा काढा. आग पाहू नका, भिंत पाहा. कुठे झिरपतंय का ते... किती दिवस ते मला माहीत नाही."

फोन खिशात गेला. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"बाबाजी, ते भोक तुम्हाला माहीत होतं?"

म्हाताऱ्याने फावडं खांद्यावर टाकलं.

"मले कसं माहीत असन? मी तं बसलो होतो."

तो दोन पावलं गेला. थांबला.

"तुयं देनं फिटलं."